सीटखालचा पाट

ती मंगळवारी गेली. त्या दिवशी गाडीची चासी खडवलीला होती, बॉडी कल्याणला, इंजिन माजिवड्याला आणि चावी आमच्या घरात, दारामागच्या खिळ्याला.

तेरावं झाल्यावर पहिला फोन आला तो कल्याणच्या डेंटरचा.

"ताई आहेत का?"

"नाहीत."

"मग कधी येतील?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांना सांगा, बॉडी उचला म्हणावं. माझी जागा अडकलीय. नाहीतर मी बाहेर उन्हात काढून ठेवतो, मग मला बोलू नका."

"सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवसांत घरी जो येई तो हळू आवाजात बोलत होता, माझ्या पाठीवर हात ठेवत होता. माझ्या बायकोवर चिडलेला हा पहिलाच माणूस भेटला. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की यापुढे तो माझ्यावर चिडणार आहे.

गाडीतलं मला काही कळत नव्हतं. मी ठाण्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि निवृत्त होईपर्यंत पुस्तकांपेक्षा जड काही उचललं नाही. गाडी चालवायला शिकायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा शिकवणारी बायको होती, आणि दोन्ही वेळा घरी परतताना आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. आमच्या डोंबिवलीच्या घरात गाडीचं सगळं तिच्याकडे होतं, जसं माझ्याकडे वीजबिल आणि रद्दी.

ही गाडी तिच्या वडिलांची. हेरल्ड. दोन दारांची, बुटकी, मद्रासला बनलेली. हल्ली रस्त्यावर दिसत नाही, आणि दिसलीच तर लोक मोबाईल काढतात. सासऱ्यांची बाळकुमला भातशेती होती आणि खाडीकडच्या मिठागरात वाटा होता. शेतीचा पहिला तुकडा कारखान्यासाठी गेला तेव्हा त्यांनी त्याच कारखान्यातल्या एका साहेबाकडून ही गाडी घेतली. मुलगा लहान होता, म्हणून मुलीला चालवायला शिकवलं. गावातल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या, असं ती सांगायची. त्यांना गाडी दिसायची, चालवणारी दिसायची नाही. ती इतकी बुटकी होती की स्टिअरिंगच्या कड्याच्या आतून रस्ता बघायची. उशी ठेवून पाहिली, पण ब्रेक मारला की उशी घसरायची आणि उशीबरोबर ती. शेवटी सासऱ्यांनी स्वयंपाकघरातला एक जेवायचा पाट उचलला. शिसवी, जाडजूड, चार कोपऱ्यांवर पितळेच्या फुल्या. त्याला भोकं पाडून त्यांनी तो ड्रायव्हरच्या सीटखाली बोल्टांनी आवळून टाकला.

त्यानंतर त्या घरात पंगतीला एक पाट कायमचा कमी पडायला लागला. मी जावई म्हणून जेवायला गेलो की सगळे पाटावर आणि सासरे जमिनीवर. सासूबाई वाढताना दर वेळी म्हणायच्या, "माजा पाट गारीन फिरतंय." त्यांच्या बोलीत ड-ढचा र होतो; गारीन म्हणजे गाडीत.

मी उंच आहे. बायको माझ्या खांद्याच्याही खाली होती. रस्त्यानं चालताना माझ्याशी बोलायचं तर तिला मान वर करावी लागे आणि मला ऐकायला वाकावं लागे. बऱ्याचदा मी न वाकता नुसतं "हं" म्हणायचो. गाडीत मात्र ती पाटामुळे वर आणि मी शेजारच्या दबलेल्या सीटवर खाली, त्यामुळे दोघांचे डोळे एका रेषेत येत. लग्नानंतरची काही वर्षं वडिलांची गाडी घेऊन ती मला वाचनालयात सोडायला यायची. आमच्या घरातलं जे काही नीट बोलणं झालं ते त्या गाडीत झालं. मूल होणार नाही हे तिनं मला त्या गाडीतच सांगितलं, रेल्वे फाटक उघडायची वाट बघताना. तेवढ्या एका जागी आम्ही एका उंचीचे होतो.

पुढे सासरे गेले, गाडी बाळकुमच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली, मग अंगणही गेलं. तिथे टॉवर उभा राहिला. तो उभा राहीपर्यंत गाडी सिमेंटच्या गोण्यांच्या शेजारी सडत पडली होती. बायको बँकेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "मी ती गाडी करणार. चासीपासून वर."

"रंग मारून भागणार नाही का?" मी विचारलं.

ती चपला घालून बाळकुमला निघाली.

या गाडीची बॉडी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टांनी बसवलेली असते. बोल्ट काढले की टपासकट अख्खी वर उचलता येते. तिनं ती उचलून घेतली, सगळं सुटं केलं, जे जिथे बरं होईल तिथे ते पाठवलं, आणि मग ती आजारी पडली. आजारपण फार दिवस चाललं नाही. गाडीबद्दल मी काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिचं सगळं नियोजन तिच्या डोक्यात होतं, आणि ते मला आता डब्यांवरून ओळखायचं होतं. नटबोल्ट तिनं स्वयंपाकघरातल्या डब्यांत भरले होते. मिसळणाच्या डब्यात, जिथे मोहरी, जिरं, हळद असायला हवी, तिथे प्रत्येक वाटीत वेगळ्या मापाचे वॉशर. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: "मा. डा.", "पु. खा.", "तो". तो म्हणजे कोण? एका डब्यावर लिहिलं होतं "हे नको". नको तर ठेवलं कशाला? हे मी एक दिवस मोठ्यानं विचारलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. "कोणी आलंय का तुमच्याकडे? आवाज आला म्हणून."

"कोणी नाही," मी म्हणालो. हातात वॉशरांचा डबा होता.

माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बाळकुमच्या त्याच टॉवरमध्ये राहतो. तो आला आणि डब्यांकडे बघून म्हणाला, "भावजी, भंगारवाला हाय माज्या वलखीचा. बोलावू?"

मी हो म्हणणार होतो. खरंच. पण मी तोंड उघडायच्या आत त्याचं त्यालाच काहीतरी वाटलं. मान हलवून तो निघून गेला आणि दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याच्या मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरत होतं. नवरा आजोबांच्या गाडीतून मांडवात येणार, असं त्यानं सगळ्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण सीट होती तशी बसणार. पाटासकट."

"त्या पाटावं बसून माजं डोकं टपाला लागंल!"

"मग तू चालवू नकोस."

"मंग कोन चालवंल? तुमी?"

तरी मी अट सोडली नाही. गाडी कोणत्या रंगाची होते, धावते की ढकलावी लागते, मांडवात जाते की पार्किंगमध्ये उभी राहते, याचं मला काही नव्हतं. शेजारची सीट तेवढी तिच्या उंचीला हवी होती. वर्षभर मी जे जे केलं ते एवढ्यासाठी.

खडवलीचा मेकॅनिक पन्नाशीचा, मूळचा नगरकडचा. नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड. पुढे ट्रॅक्टर आणि टेम्पो, आणि सगळ्यात मागे, लाकडी ठोकळ्यांवर, आमची चासी. सडलेले भाग कापून नवं लोखंड जोडलेली, वरून काळा रंग दिलेली. लांब असे दोन दांडे आणि मधे आडवे. तशा आकाराचं काहीतरी मी नुकतंच खांद्यावर घेतलं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

दुसरीकडे मेकॅनिक बसला होता, आणि तो आमच्या पाटावर बसला होता.

"तो पाट," मी म्हणालो.

"बसा ना काका." त्यानं उठून पाट माझ्याकडे सरकवला. "भारी आहे. कंबर अजिबात दुखत नाही."

"तो सीटखालचा आहे."

"माहितीये, ताईंनी सांगितलेलं. पण ओरिजिनल नाही ना तो. गाडी ओरिजिनल करायची तर असले जुगाड काढायचे असतात."

"हा जुगाड राहणार आहे."

"राहू द्या ना. पण सीट बसेपर्यंत काय करू त्याचं? पूजा?"

मी पाट घरी न्यायला उचलला. तो नेऊ देईना. सीटच्या पट्ट्या नव्या करायच्या होत्या आणि त्यांची भोकं पाटावरच्या भोकांवरून मापायची होती. पाट इथेच हवा, म्हणाला. मग मी तो पुसला, त्याच्याच देखत फळीवर ठेवला आणि त्याच्यावर बसायचं नाही असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तर पाट फळीवर होता आणि त्याच्यावर चहाचे पेले.

"बसलो नाही हां," तो म्हणाला.

त्या वर्षात मला कळलं की मेकॅनिकचं पंचांग वेगळं असतं. उन्हाळ्यात लग्नसराई, म्हणून टेम्पो आधी. पाऊस लागला की भातलावणी, म्हणून ट्रॅक्टर आधी. श्रावणात त्याला गावी जायचं होतं. गणपतीत तो परत आला, पण वीज गेली होती. मी आठवड्यातून एकदा खडवलीला जायचो, पिशवीत एक डबा घेऊन. चिठ्ठी दाखवून विचारायचो, "हे काय असेल?" तो झाकण उघडायचा, बोल्ट हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "हे ताईंनाच माहीत." मग तोच बोल्ट त्याला जिथे योग्य वाटेल तिथे बसवायचा. "हे नको" लिहिलेल्या डब्यातलं त्यानं सगळं वापरलं.

या काळात मी गाडीचं मूळ इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. बॉडी आणि चासी यांच्यामधे प्रत्येक बोल्टाशी रबराचे तुकडे घालावे लागतात आणि त्यांच्या जाडीवर दारं नीट लागणं अवलंबून असतं. आणि दुसरी अशी की उतरवून ठेवलेल्या बॉडीला दारांच्या जागी लोखंडी दांडे जोडून ठेवायला हवेत, नाहीतर ती आपल्याच वजनानं मधे खचते. कल्याणच्या डेंटरनं, त्याचं तोंड कसंही असो, असे दांडे जोडले होते.

गणपती गेल्यावर बॉडी टेम्पोतून खडवलीला आली. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागत होता, त्यामुळे त्याच दुपारी ती चासीवर बसवायचं ठरलं होतं. मेकॅनिकनं सकाळीच दांडे कापून काढले. मग आम्ही बॉडी उचलायच्या चेन-पुलीची वाट बघत बसलो. ती आलीच नाही. ज्याची होती तो कुणाच्या तरी विहिरीत पडलेली मोटर काढायला गेला होता आणि मोटर निघत नव्हती. अंधार पडला. बॉडी चार पिंपांवर ठेवली होती. त्यातलं एक पिंप बाकीच्यांपेक्षा बुटकं होतं, म्हणून त्याच्यावर वीट.

"आता पंधरा दिवसांनी, काका," मेकॅनिक म्हणाला. "पितृपक्षात जोडणी नाही करत."

"अहो, ही काय नवी खरेदी आहे? जुनी गाडी आहे."

"जुनी असली तरी नव्यानं उभी राहतेय ना? त्यात ताईंचं पहिलंच वर्ष. त्यांच्या पंधरवड्यात त्यांचीच गाडी जोडू? काही कमीजास्त झालं तर मला विचारतील."

"कोण विचारेल?"

"ताई."

मी पिंपावरच्या विटेकडे बघितलं. मग म्हणालो, "निदान दांडे तरी परत जोडा. नाहीतर बॉडी खचेल. पुस्तकात आहे."

"वेल्डिंग पण कामच आहे ना, काका."

"आणि टेम्पोचं वेल्डिंग चाललंय ते?"

"टेम्पो रोजचा आहे."

माणसाशी वाद घालता येतो, पण हे कशाशी वाद घालणं होतं मला समजेना. मी देवधर्म फारसा करत नाही. ती अहेवपणी गेली, म्हणून अविधवा नवमीला तिचं करायला हवं, असं एक मावशी सांगत होत्या. पहिल्या वर्षी करत नाहीत, असं दुसऱ्या. दोघींचं एकमत होईना, म्हणून मी काहीच केलं नाही. नवमीच्या दुसऱ्या दिवशी खडवलीला गेलो तर मेकॅनिक खुशीत होता.

"कावळा लगेच शिवला, काका! पान ठेवलं आणि हात मागे घेतोय तोच. ताईंना दम कुठे असतो?"

त्यानं आपल्या बायकोकडून खीर, वडे, भात करून घेतला होता आणि पान वाढून बॉडीच्या टपावर ठेवलं होतं. मला न विचारता. टपावर नुकताच मारलेला प्रायमर होता. त्याच्यावर कावळ्यांच्या नखांचे ओरखडे, भाताची शितं आणि बाकीचं जे कावळे करतात ते. मी ओरखड्यांवरून बोट फिरवलं. नखं आत पत्र्यापर्यंत गेली होती.

"प्रायमर परत मारावा लागेल," मी म्हणालो.

"मारू की," तो म्हणाला.

घटस्थापनेला बॉडी चासीवर बसली. मेकॅनिकनं नारळ फोडला, बोल्ट आवळले आणि दारं लावली. उजवं दार लागेना. डावं लागलं, पण मग उघडेना. उजव्या दाराची वरची कड आत आणि खालची बोटभर बाहेर. तो दार आपटायचा, खांदा लावायचा, खालून गुडघा मारायचा. शेवटी लांब जाऊन एक डोळा मिटून त्यानं बॉडी न्याहाळली.

"खचलीये," तो म्हणाला. जणू हे पहिल्यांदाच कोणी बोलत होतं.

मी पुस्तक पिशवीतून काढलंही नाही. ज्या बुटक्या पिंपावर वीट होती तीच बाजू खाली गेली होती.

दसऱ्याला मेहुणा झेंडूचं तोरण घेऊन आला. बाळकुमची आठ-दहा माणसं बरोबर, सगळ्यांना गाडी बघायची. गाडीचं उजवं दार सुतळीनं बांधलेलं होतं.

"दार कनाला बांधलंय?" मेहुण्यानं विचारलं.

"लागत नाही."

"मंग नवरा काय खिरकीतनं चरंल?"

बरोबरची माणसं हसली. त्यानं सुतळीवरूनच तोरण बांधलं, हळदकुंकू वाहिलं आणि बाजूला येऊन मला म्हणाला, "भावजी, तो पाट तरी काराला सांगा. एक भानगर कमी. माजं गुरगं कुठं जातील?" मी म्हणालो, पाट अजून फळीवर आहे, आधी दार लागू दे. तो म्हणाला, पाट फळीवरच राहू दे. मेकॅनिक चाकाशी बसून हे सगळं ऐकत होता.

त्यानंतर मी दोन आठवडे खडवलीला गेलो नाही. मला ताप होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. मला त्या शेडचा, त्या बोल्टांचा, "बसेल काका, बसेल"चा आणि डब्यांवरच्या तिच्या अक्षराचाही वीट आला होता. मिसळणाच्या डब्यात वॉशर होते म्हणून मी फोडणीला मोहरी पिशवीतून चिमटीनं घेत होतो, आणि दर वेळी तेलात टाकताना मला तिचा राग यायचा.

दिवाळीच्या आधी फोन आला. "या काका. दारं बसली."

मेहुण्याला घेऊन गेलो. मेकॅनिक गाडीशी हात पुसत उभा होता. त्यानं उजवं दार उघडलं आणि एका बोटानं ढकललं. दार लागलं. आवाजही आला तो जुना, जाड, जसा पुस्तक बंद केल्यावर येतो तसा. डावं दारही तसंच. त्यानं मला करायला सांगितलं. मी केलं. पुन्हा केलं. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी होती, त्यातून जेमतेम पोस्टकार्ड गेलं असतं.

"कसं केलंत?" मी विचारलं, आणि विचारता विचारता फळीकडे बघितलं. फळीवर चहाचे पेले होते. नुसते पेले.

"पाट कुठे आहे?"

"तोच तर लावलाय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. "रबर घालून बघितलं, दाबलं जातं. लोखंडी पट्टी घातली तर खडखड. मग म्हटलं, शिसव! दगडासारखं लाकूड. त्याचे तुकडे केले, रंधा मारून एकेक हवा तेवढा जाड केला, आणि बॉडी न् चासीच्या मधे. जिथे खचलेली तिथे जाड, जिथे बरी तिथे पातळ. बघा इकडं." त्यानं खाली वाकून बॅटरी मारली. काळ्या चासीच्या वर, बोल्टाशी, लाकडाची एक तपकिरी चकती दिसत होती.

मी काही बोलायच्या आत मेहुणा ओरडला.

"माज्या बापाचा पाट कापलास तू?"

"तुम्हीच म्हणालात ना दसऱ्याला, पाट नको म्हणून?"

"सीटखाली नको बोल्लो! कापाला कोनी सांगला? माजी आई जलमभर रडली त्या पाटासाठी. आमचा बाप जमिनीवं बसून जेवलाय!"

"अहो, पण गाडीतच आहे ना? कुठे फेकलाय का मी?"

"कार. आताचे आता कार."

"काढतो. उचलू बॉडी? मग लग्नात दोन पोरं उभी करा दोन्ही बाजूंना, दारं धरायला."

मेहुण्याचा हात वर गेला. मी मधे झालो. वर्षभर जो माणूस पाट काढा म्हणून माझ्या मागे लागला होता त्याला मी धरून ठेवलं होतं, आणि ज्यानं पाट कापला त्याला वाचवत होतो. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. आता मी काय म्हणतो त्यावर होतं.

मी जाऊन डाव्या बाजूला, माझ्या जागेवर बसलो. दार लावून घेतलं. सीटा कल्याणहून नव्या कापडात होऊन आल्या होत्या आणि पाट नसल्यानं ड्रायव्हरची सीट मेकॅनिकनं सरळ पट्ट्यांवर बसवली होती. मूळ होती तशी, पुस्तकात होती तशी. माझी सीट आता नव्या स्प्रिंगांमुळे वर आली होती आणि तिची खाली गेली होती. ती तिथे बसली असती तर तिला बॉनेटच्या पलीकडचं काही दिसलं नसतं. माझ्याशी बोलायला तिला मान वर करावी लागली असती.

दुसरा पाट आणता आला असता. मेहुण्याच्या घरी त्याच जोडातले आहेत. दुसरा आणा, असं मेकॅनिक खिडकीतून म्हणालाही. पण मग गाडी कोणी चालवायची? तिच्या उंचीचं आमच्यात कोणी नाही. हे मला मेहुण्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

यात समजूतदारपणा काही नव्हता. तुकडे परत काढले असते तरी त्यांचा पाट झाला नसता, आणि दार मात्र गेलं असतं. मी मेकॅनिकला एवढंच सांगितलं की लाकडात पाणी मुरतं, कुजतं, पुस्तकात रबर आहे ते उगाच नाही.

"रबराला काय, दहा वर्षं," तो म्हणाला. "हे तुमच्या-माझ्यानंतरही राहील."

मला त्याचा राग आला होता आणि तो अजूनही आहे. मी त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही. जाताना त्यानं तंबाखूच्या रिकाम्या पुडीत बांधून पाटाच्या पितळी फुल्या दिल्या. देवापुढे ठेवा म्हणाला.

माजिवड्याहून इंजिन येऊन बसलं आणि गाडीला सासऱ्यांचा कैरीसारखा हिरवा रंगच दिला. तो मेहुण्यानं परस्पर ठरवला. मी विचारलं तर म्हणाला, "दुसरा कंचा देनार?" लग्नाच्या दिवशी तोच चालवायला बसला, आरामात, गुडघे कुठेही न लागता. नवरा आणि करवल्या मागे कोंबल्या. मला पुढे बसवलं. पुढे डीजेचा ट्रक होता, त्याच्यामागे नाचणारे, त्यांच्यामागे आम्ही, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसापेक्षा हळू. माझ्या बाजूच्या दाराची काच थरथरत होती. दार थरथरत नव्हतं.

मेहुणा काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही. मी त्याच्याकडे वाकलो.

"बोला की काय तरी, भावजी," तो ओरडून म्हणाला. "ताय बोलाची, तुमी घरान गप असता न् गारीन लय बोलता."

हे मला माहीत नव्हतं. तिनं हे कधी, कुणाकुणाला सांगितलं होतं कोण जाणे.

"हं," मी म्हणालो.

गाडी आता बाळकुमला टॉवरच्या पार्किंगमध्ये असते. मेहुणा रविवारी सुरू करून बघतो. चावी त्याच्याकडे आहे, आमच्या दारामागे खिळा आहे. पितळेच्या फुल्या पुडीतून काढल्या तर तीनच निघाल्या. मी त्या मिसळणाच्या डब्यात ठेवल्या आहेत, उरलेल्या वॉशरांबरोबर. मोहरी पिशवीतच आहे. पाट बॉडी आणि चासीच्या मधे आहे. दोन्ही दारं लागतात.